पेन्शन अडीच हजार झाली, पण आईनंतर त्याला सांभाळणार कोण?

विशेष विश्लेषण | सातारा-सांगली

आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्याही गावात जा, पारावर एक जण हमखास भेटतो. वय चाळीसच्या आसपास. अंगानं धडधाकट. पण बोलणं, समज सहा-सात वर्षांच्या पोरासारखी. गावात त्याला सगळे टोपणनावानं हाक मारतात. खरं नाव फक्त आधार कार्डावर. यात्रेत पालखीपुढं तोच पहिला असतो. कुणाच्या गोठ्यातलं शेण काढायचं असेल, लग्नात पाण्याचे जार उचलायचे असतील, मयताला लाकडं वाहायची असतील, तर आवाज त्यालाच. मोबदला म्हणून चहा, वडापाव, फार तर वीस रुपये.

संध्याकाळी तो घरी जातो. घरी आई असते. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे गेलेले. त्याला आंघोळ घालणं, वेळेवर जेवायला लावणं, फिट येत असेल तर गोळी देणं, सगळं ती करते. अशा प्रत्येक आईला रात्री एकच प्रश्न झोपू देत नाही. मी गेल्यावर याचं काय?

या लेखात कुणाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. वाचताना तुमच्या डोळ्यासमोर तुमच्या गावातलं माणूस आलंच असेल.

पैसे वाढले, ही चांगली बातमी

आधी जे चांगलं झालं ते सांगू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्यात हजार रुपयांची वाढ करून ही रक्कम २५०० केली. खेड्यातल्या घराला महिन्याला अडीच हजार म्हणजे औषधं, किराणा, दवाखान्याचं भाडं. कुणी त्याला कमी लेखू नये.

पण दोन गोष्टी बघा. एक, या योजनेला दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला साधारण ४ हजार १६६ रुपये. घरात एक जण जरी महिनाभर रोजंदारीला गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळं ज्या घरांना खरोखर गरज आहे त्यातली बरीच घरं दाखल्यावरच अडतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अडीच हजार रुपये माणसाला जेवायला वाढत नाहीत. त्याला दिवसभर गुंतवून ठेवत नाहीत. कुणी त्याच्या अंगठ्याचा गैरवापर करत असेल तर हात धरत नाहीत. त्यासाठी माणसं लागतात. आणि आपल्याकडं आटत चाललीत ती माणसंच.

आधी शब्द नीट समजून घेऊ

गावात आपण सरसकट 'येडसर', 'मतिमंद', 'अर्धवट' असं बोलून जातो. यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली, बौद्धिक दिव्यांगता. जन्मापासून किंवा लहानपणापासून समज, शिकणं, रोजचे व्यवहार मागं राहणं. हा आजार नव्हे. गोळीनं जात नाही, पण शिकवलं तर माणूस हळूहळू खूप काही शिकतो. हा लेख मुख्यतः याच लोकांबद्दल आहे.

दुसरी, मानसिक आजार. हा चांगल्या शिकल्यासवरल्या माणसालाही कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

तिसरी, अध्ययन अक्षमता. बुद्धी व्यवस्थित असते, पण वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही. 'तारे जमीन पर' सिनेमात दाखवलं होतं ते हेच. शाळेत 'ढ' म्हणून हिणवलेली कितीतरी हुशार माणसं आज आपल्या शेतात, गॅरेजवर काम करतायत. बँकेचा फॉर्म भरायची वेळ आली की 'चष्मा विसरलो' म्हणतात. त्यांनाही मदत लागते, पण वेगळी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या. त्यात या तिन्ही आहेत.

आकडा किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यात बौद्धिक दिव्यांग सुमारे १ लाख ६० हजार. तेव्हा साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. लोकसंख्येच्या प्रमाणात नुसता अंदाज बांधला तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं होतात. तीन हजार वस्तीच्या गावात चार-पाच. त्यातही लेकीचं किंवा भावंडांचं लग्न मोडेल या भीतीनं घरं नोंद लपवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच असणार.

मग आत्ताच हा प्रश्न का पेटला?

पूर्वीही अशी माणसं होतीच की. मग तेव्हा कसं भागत होतं?

तेव्हा घरात पंधरा माणसं होती. चुलती होती, आत्या होती, धाकटा दीर होता. एकाचं आजारपण दुसरा झाकून न्यायचा. आज काय आहे? खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. पाटण, जावळीची तरणी पोरं मुंबई-नवी मुंबईत, कुणी माथाडीत, कुणी कंपनीत. जतमधून ऊसतोडीला टोळ्या जातात. शिकलेले पुण्यात. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि हे चाळिशीतलं पोर.

त्यात आणखी एक बदल झालाय. औषधोपचार सुधारल्यामुळं बौद्धिक दिव्यांग माणसं पूर्वीपेक्षा जास्त जगतात. ही आनंदाचीच गोष्ट. पण याचा अर्थ असा, की आता ती आई-बापाच्या मागं वीस-वीस, तीस-तीस वर्षं जगणार आहेत. पूर्वी हा प्रश्न क्वचित यायचा, आता घरोघरी येणार.

आणि शाळेचं बघा. विशेष शाळा आहेत, पण त्या बहुतेक शहरात किंवा तालुक्याला, आणि तिथलं शिक्षण अठरा वर्षांपर्यंत. त्यापुढं प्रौढांसाठी कार्यशाळा असतात, पण त्या मोजक्या. म्हणजे ज्या मुलाला दहा वर्षं खपून शिक्षकांनी बटण लावायला, पैसे ओळखायला शिकवलं, तो अठराव्या वाढदिवसानंतर घरी येऊन बसतो. दोन-तीन वर्षांत शिकलेलं विसरतो. मग आपण म्हणतो, 'याला काय जमत नाही बघा.'

अठरा वर्षांनंतर आई-बाप कायद्यानं पालक नसतात

हे बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून ठळक सांगतो. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान. त्यानंतर आई-वडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत खातं चालवायचं असो, जमिनीचा व्यवहार असो, अडचण येते.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो लागू होतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक स्तर समिती असते. या समितीकडं आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेऊ शकतात. कोर्टात वर्षानुवर्षं खेटे मारायची गरज नाही. समितीनं दिलेलं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं, असं रिझर्व्ह बँकेनंही सांगितलेलं आहे.

पालक झाला म्हणजे मालक झाला असं नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालक सांभाळत नसेल, पैसा खात असेल, तर समिती त्याला काढू शकते.

आणि प्रत्येकालाच पालक लागतो असंही नाही. ज्याला थोडं समजावून सांगितलं की कळतं, त्याला निर्णय घ्यायला मदत करायची, त्याचा निर्णय हिसकावून घ्यायचा नाही. २०१६ च्या कायद्याचा रोख हाच आहे. मतदानाचंच घ्या. सक्षम न्यायालयानं तसा निर्णय दिल्याशिवाय कुणाचंही नाव बौद्धिक दिव्यांग म्हणून मतदार यादीतून काढता येत नाही. 'याला काय कळतंय' म्हणून त्याला घरी ठेवणं किंवा त्याच्या नावावर दुसऱ्यानं बटण दाबणं, दोन्ही चूक.

खरा वाद सातबाऱ्यावर

आता जरा अवघड बोलू. बाप वारला की वारसनोंद होते. बौद्धिक दिव्यांग भावाचं नावही सातबाऱ्यावर लागतं. हिंदू वारसा कायदा स्पष्ट सांगतो की कुठल्याही आजारामुळं किंवा व्यंगामुळं कुणाचा वारसाहक्क जात नाही. इथवर ठीक.

पुढं काय होतं? वाटणीची वेळ येते. रस्त्यासाठी भूसंपादन होतं, मोबदला यायचा असतो. भावकीत कुणीतरी म्हणतं, 'त्याला काय करायचीय जमीन, आपणच सांभाळतोय की.' मग हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा. सगळेच भाऊ लबाड असतात असं म्हणायचं नाही. कित्येक भावांनी, भावजयांनी जन्मभर सांभाळलंय, त्यांना हात जोडले पाहिजेत. पण जमीन हातची गेल्यावर भात वाढायला कंटाळणारी घरंही आपण पाहिलेली आहेत.

करार करणाऱ्याला तो करार समजण्याची कुवत असावी लागते, हे भारतीय करार कायद्याचं मूळ तत्त्व आहे. ज्याला व्यवहार कळतच नाही त्याच्याकडून करून घेतलेलं हक्कसोडपत्र न्यायालयात आव्हानाला टिकणं अवघड. पण आव्हान देणार कोण? आई गेलेली असते. म्हणून आई-वडील हयात असतानाच पालक ठरवा, जमिनीची सोय लिहून ठेवा. वकिलाकडून मृत्युपत्र करताना 'थोरला सांभाळेल' एवढं मोघम लिहू नका. कोणती जमीन, कोणतं उत्पन्न, कुणाच्या देखरेखीखाली, हे स्पष्ट असू द्या. वडील सरकारी नोकरीत होते तर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्याची नोंदही हयातीतच करून घ्या. नंतर कागद जमवताना दमछाक होते.

ग्रामपंचायतीचे ५ टक्के कुठं जातात?

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं, ते वाढवलं. जिल्हा परिषदेलाही असंच बंधन आहे.

साधा हिशेब करू. गावाचं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं मिळून स्वउत्पन्न ८ लाख असेल तर ५ टक्के म्हणजे ४० हजार. एखाद्या गावाचं २० लाख असेल तर १ लाख. आता हे पैसे खर्च कसे होतात? बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीला थोडी थोडी रक्कम वाटतात किंवा वस्तू देतात, फोटो काढतात, विषय संपतो. वाटप चूक नाही. पण ज्याला व्हीलचेअर लागत नाही, श्रवणयंत्र लागत नाही, त्या बौद्धिक दिव्यांग माणसाला नेमकं काय लागतं, हा विचार त्या यादीत नसतो. त्याला लागते दिवसभर जायला एक जागा, करायला काम आणि सोबत एक समजूतदार माणूस.

दुसरीकडं जमलंय, ते कसं?

केरळात ग्रामपंचायतींनीच हा प्रश्न अंगावर घेतला. २००४ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर पंचायतीत पहिली 'बड्स' शाळा सुरू झाली. जागा आणि पैसा पंचायतीचा, चालवायला कुटुंबश्रीच्या महिलांची साथ. कुटुंबश्री म्हणजे आपल्या बचत गटांसारखंच जाळं. मुलं मोठी झाली तेव्हा अठराच्या पुढच्यांसाठी वेगळी केंद्रं काढली. तिथं कागदी पिशव्या, मेणबत्त्या, साबण, पायपुसणी असं काम चालतं. आज अशी तीनशेच्या वर केंद्रं आहेत. तिथली मंडळी आपल्यापेक्षा श्रीमंत होती म्हणून हे झालं नाही. पंचायतीनं 'हे आपलं काम' असं ठरवलं म्हणून झालं.

आपल्या राज्यातही उदाहरणं आहेत. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, पुढं मोठ्यांसाठी कार्यशाळाही झाली. कोल्हापुरात चेतना संस्थेनं शाळेबरोबर प्रौढांच्या कामाची सोय केली. बदलापूरला 'आधार' ही संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. आपल्यानंतर लेकरांचं काय, या एकाच काळजीतून. विदर्भात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर टाकलेली दिव्यांग मुलं सांभाळली, कागदावर बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी एकच, की अनाथ दिव्यांग मुलाला अठरा वर्षं झाली म्हणून बालगृहाबाहेर काढू नका. तो जाणार कुठं?

आणि बेल्जियममधलं गील नावाचं एक छोटं शहर. तिथं तेराव्या शतकापासून अशा माणसांना घराघरांत ठेवून घ्यायची रीत आहे. संस्थेत कोंडण्याऐवजी एखादं कुटुंब त्याला घरातलाच एक मानतं, तो शेतात, घरकामात हातभार लावतो, आणि आता सरकार त्या कुटुंबाला मोबदला देतं, दवाखाना पाठीशी उभा असतो. वाचताना वाटतं, अरे, हे तर आपल्या गावासारखंच! खरंय. फरक एवढाच, की तिथं कुणीतरी जबाबदार असतं आणि विचारपूस करायला यंत्रणा असते. आपल्याकडं सगळं मर्जीवर.

गावाची माया आणि गावाचा फायदा

'आमच्या गावात त्याला कुणी उपाशी ठेवत नाही,' असं आपण अभिमानानं सांगतो. ते खोटं नाही. दिवाळीला त्याला कापडं मिळतात, लग्नात तो पंगतीला बसतो. शहरात हे मिळणार नाही.

पण त्याच गावात त्याला दारू पाजून नाचवतात आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. त्याच गावात तो दिवसभर राबतो आणि चहावर भागवलं जातं. दुसऱ्या गड्याला जी हजेरी देतो तिच्या निम्मी तरी त्याला देतो का आपण? मग ती माया की फुकटचा गडी? हा प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला विचारायचा आहे.

बायकांचं तर आणखी अवघड. बौद्धिक दिव्यांग मुलीला घरात कोंडून ठेवतात, कारण भीती खरी असते. जिला संबंधाचा अर्थच कळत नाही तिची 'संमती' कायद्यानं संमती नसते, तो बलात्कारच. असं काही कळलं तर 'घराण्याची अब्रू' म्हणून झाकू नका, ११२ वर फोन करा. संस्थेत ठेवलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले, तेव्हा अख्खं राज्य हादरलं होतं. घर असो की संस्था, चार परक्या डोळ्यांची येजा लागतेच.

'लग्न लावून दिलं की सुधारेल' ही आणखी एक फसवणूक. लग्नानं समज वाढत नाही. न सांगता लावलेल्या लग्नात दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य मोडतं आणि मुलाचे हालही वाढतात.

आणि बुवाबाजी. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात एक कलम नेमकं याबद्दल आहे. मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा होऊ शकते. 'याच्या तोंडून देव बोलतो' म्हणत कुणी पाट मांडून बसला असेल तर हे लक्षात असू द्या.

महापुरात आठवण होते

२०१९ आणि २०२१ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. पलूस, वाळवा, मिरज, शिराळ्यात रातोरात घरं सोडावी लागली. अशा वेळी बौद्धिक दिव्यांग माणूस बोटीला, गर्दीला, अंधाराला घाबरतो, घर सोडत नाही. त्याला सोडून आई निघत नाही. २०१६ चा कायदा म्हणतो, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं दिव्यांगांची नोंद ठेवावी. नदीकाठच्या गावानं पावसाळ्याआधीच अशी घरं कोणती, तिथं आधी कोण जाणार, त्या माणसाला कुणाचा आवाज ओळखीचा आहे, हे ठरवलं तर जीव वाचतील.

मग करायचं काय?

एकट्या गावात चार-पाच जणांसाठी केंद्र परवडणार नाही, हे मान्य. पण सात-आठ गावांनी मिळून, बाजाराच्या गावी, बंद पडलेल्या शाळाखोलीत किंवा समाजमंदिरात आठवड्यातून तीन दिवस जागा दिली तर वीस-पंचवीस जण जमतात. आठ गावांचे ५ टक्क्यांचे ४०-४० हजार जरी एकत्र धरले तरी वर्षाला ३ लाख २० हजार होतात. त्यात दोन मदतनीस बायांचं मानधन निघू शकतं. कामं आपल्याकडं भरपूर आहेत. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, हळद-शेंगा निवडणं, द्राक्षाच्या पेट्यांचे कागद लावणं, शेळ्या राखणं. आणि झालेल्या कामाचा पैसा त्याच्या खात्यावर.

अडचणी येणार. ने-आण कोण करणार? मदतनीस नीट मिळेल का? निधी एकत्र करायला वरून मंजुरी लागेल. पहिल्या वर्षी पाच जणच येतील. केरळातही एका पंचायतीपासूनच सुरुवात झाली होती. आईला आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मोकळे मिळाले, तरी ती स्वतःच्या गुडघ्याचं औषध आणायला जाऊ शकेल. ही छोटी गोष्ट नाही.

उमेद अभियानात दिव्यांगांचे वेगळे गटही करता येतात, किमान पाच जणांचा गट चालतो. ज्याला स्वतःला व्यवहार जमत नाही त्याच्या वतीनं पालक सामील होऊ शकतात. गावातल्या सीआरपी ताईंना विचारा.

घरच्यांनी या महिन्यात करायच्या गोष्टी:

१. युडीआयडी कार्ड नसेल तर काढा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगतेचं प्रमाणपत्र सगळ्या योजनांची किल्ली आहे. जत किंवा माणच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याचा दवाखाना गाठायचा म्हणजे दिवस मोडतो, म्हणून तपासणीचा वार आधी विचारून जा. तालुक्याला शिबिर लागतंय का, याची आशाताईंकडं चौकशी ठेवा.

२. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना बघा. वर्षाला काही शे रुपयांत १ लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात बाहेरचा औषधोपचार आणि थेरपीही येते. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही.

३. वय अठराच्या पुढं असेल तर स्थानिक स्तर समितीकडं पालकत्वाच्या अर्जाची चौकशी करा.

४. एका वहीत लिहून ठेवा. तो काय खातो, कशाला घाबरतो, कोणती गोळी किती वाजता, कुणाचं ऐकतो. आई उद्या दवाखान्यात पडली तर ही वहीच त्याची आई.

५. एसटीच्या सवलतीचा पास काढा. त्याला घराबाहेर काढा.

आणि गावानं करायची एकच गोष्ट. पुढच्या ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात अशी प्रौढ माणसं किती? मागच्या वर्षीचे ५ टक्के कशावर खर्च झाले, यादी वाचून दाखवा. शेजारच्या गावांबरोबर मिळून दिवसाचं केंद्र करायचा ठराव घ्यायचा का? विचारणारा त्या घरातलाच असावा असं नाही. उलट, भावकीबाहेरच्या माणसानं विचारलं तर जास्त वजन पडतं.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. वर्षात ग्रामसभेचे हे चार दिवस सगळ्यांच्या लक्षात असतात. त्या दिवशी झेंड्याला तो सगळ्यांत आधी येऊन उभा असतो, सलामही ठोकतो. झेंडावंदन झालं की आपण सभेला आत जातो आणि तो बाहेर चपला राखत बसतो. यावेळी त्याला आणि त्याच्या आईला आत बोलवा. पुढच्या खुर्चीवर बसवा. आणि मग ते तीन प्रश्न विचारा.